हार्ट अटॅकनंतर फोनवरची सिस्टर: सेवा कशी असावी आणि कुठे फसते

अँजिओप्लास्टी होते, तीन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो. हातात सात-आठ गोळ्यांची यादी असते आणि 'पंधरा दिवसांनी दाखवायला या' एवढा निरोप. पहिले काही आठवडे सगळ्यांत नाजूक, आणि नेमक्या त्याच काळात घरात कुणालाच धड काही माहीत नसतं. ही पोकळी भरायला आता बरीच रुग्णालयं आणि घरपोच आरोग्यसेवा देणाऱ्या कंपन्या 'डिस्चार्जनंतर नर्सचा फोन' अशी सेवा देऊ लागल्या आहेत. कुठे ती बिलातच धरलेली असते, कुठे तीन किंवा सहा महिन्यांचे वेगळे पैसे मोजावे लागतात. अशा सेवेची पारख कशी करायची, ते इथे सांगतो. पारखायला एक चांगला नमुना समोर हवा, म्हणून आधी सिंगापूर.

सिंगापूरच्या तीन रुग्णालयांत २०१५ ते २०१९ या काळात 'इमॅक्युलेट' नावाची चाचणी झाली. अटॅक येऊन गेलेले ३०१ रुग्ण, सरासरी वय पंचावन्नच्या आसपास. निम्म्यांना नेहमीप्रमाणे हृदयरोगतज्ज्ञांनी ओपीडीत तपासलं. उरलेल्या निम्म्यांची सहा महिन्यांची जबाबदारी विशेष प्रशिक्षण घेतलेल्या नर्सेसच्या एका मध्यवर्ती तुकडीने दूरवरूनच घेतली. रुग्ण घरी बीपी आणि नाडी मोजायचा, आकडे सेवेकडे जायचे आणि नर्स ते पाहून फोनवर दोन प्रकारच्या औषधांचा डोस कमी-जास्त करायची. एक बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि बीपी खाली आणणारं मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल वगैरे. दुसरं रामिप्रिलच्या किंवा टेल्मिसार्टनच्या जातीचं, बीपी उतरवून हृदयावरचा भार हलका करणारं.

सहा महिन्यांनी हिशेब केला. डोस किती वर नेता आला, हे शून्य ते पाच अशा मापाने मोजलं, तर दोन्ही गट तीनच्या आसपास. हृदयाचा आकारही दोन्हीकडे जवळपास सारखा. बीपी फार उतरणं, नाडी मंदावणं, पोटॅशियम वाढणं, किडनीवर ताण येणं, यांपैकी कशामुळे दाखल व्हावं लागण्याची वेळ अगदी विरळा आली.

फरक पडलाच नाही, मग उपयोग काय, असं कुणी म्हणेल. आमचं मत उलट आहे. तुलना होती ती हृदयरोगतज्ज्ञाच्या समोरासमोरच्या तपासणीशी, तीही जिथे रुग्णालय घरापासून फार लांब नसतं अशा शहरात. तिथे नर्सची तुकडी डॉक्टरांच्या बरोबरीने उतरली, हीच मोठी गोष्ट. धडगाव किंवा भामरागडच्या रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञ गाठायचा तर आख्खा दिवस आणि रोजगार बुडतो, सोबतच्या माणसाचाही बुडतो. त्याला मिळणारी पर्यायी सेवा बहुतेक वेळा 'काहीच नाही' अशीच असते. मात्र एक अट कधीही विसरू नका. त्या चाचणीतले बहुतेक रुग्ण कमी जोखमीचे होते, त्यांच्या हृदयाचं पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, सरासरीने सत्तावन्न-अठ्ठावन्न टक्के, म्हणजे ठीकच होतं. ज्याचं पंपिंग तीस-पस्तीस टक्क्यांवर आलंय, ज्याला रुग्णालयात असतानाच फुप्फुसात पाणी झालं होतं, त्याच्यासाठी ही चाचणी कसलीही हमी देत नाही. असा रुग्ण निव्वळ फोनच्या भरवशावर ठेवू नये.

आता सेवेच्या आत शिरू. सगळा डोलारा घरी मोजलेल्या बीपीवर उभा असतो आणि आकडा चुकला की पुढचं सगळंच चुकतं. म्हणून सेवेची पहिली परीक्षा इथेच घ्या: मशीन दिल्यावर सिस्टरने व्हिडिओ कॉलवर रुग्णाला एकदा तरी स्वतःसमोर बीपी मोजायला लावलं का? दंडाला बांधायचं मशीन हवं, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या घेराप्रमाणे हवा. मशीनसोबत येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराला पुरतो. जाड दंडाला तोच करकचून बांधला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि विनाकारण डोस वाढतो. चहा, तंबाखू किंवा चालणं झाल्यावर अर्धा तास थांबायचं. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. दंड उघडा, टेबलावर, छातीच्या उंचीला. शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधायचा नाही. मोजताना बोलायचं नाही आणि समोर मालिका चालू ठेवायची नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे कळवायचे. सकाळचं माप गोळ्या घेण्याआधी, दुसरं संध्याकाळी. ज्याची नाडी अनियमित आहे, त्याच्या बाबतीत या मशीनचे आकडे बेभरवशाचे असतात. सिस्टरने ते लक्षात घेऊन तीन मापं मागायला हवीत.

घरोघरी दिसणारी एक खूण सांगून ठेवतो. वहीत रोज १२०/८०, १२०/८०, १३०/८० असे गोल आकडे दिसले, तर ते मशीनवरून उतरवलेले नसतात, सिस्टर रागावू नये म्हणून लिहिलेले असतात. चांगली सिस्टर अशा वेळी मशीनची मेमरी उघडून वाचायला सांगते.

डोस वाढवण्याची पद्धत अशी असते. मेटोप्रोलॉल २५ मिलिग्रॅमवर सुरू झालं असेल तर साधारण दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्याने ५०, मग सोसलं तर १००. रामिप्रिल २.५ वरून ५, मग १०. दोन्ही औषधं एकाच दिवशी वाढवत नाहीत, कारण चक्कर आली तर ती कशाने आली ते कळत नाही. वरचं बीपी १०० च्या खाली, नाडी ५० च्या खाली, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही असेल तर टप्पा थांबतो. रामिप्रिलचा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासायलाच हवं. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं किंवा क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या तीस टक्क्यांहून जास्त वाढलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. जी सेवा डोस वाढवते पण रक्ततपासणीची तारीख देत नाही, तिचे पैसे देऊ नका. हे आकडे सेवा पारखण्यासाठी सांगितले आहेत, घरी स्वतःच्या मनाने गोळी अर्धी-पाव करण्यासाठी नाहीत.

आपल्याकडे यात आणखी एक कलम हवं: उन्हाळा आणि जुलाब. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे अंगातलं पाणी झपाट्याने उतरतं, बीपी घसरतं आणि रामिप्रिल किंवा पाण्याची गोळी (लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी) चालू असेल तर किडनीवर ताण येतो. उलट्या-जुलाबांचंही तसंच. 'दोनपेक्षा जास्त जुलाब झाले तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा' ही सूचना पहिल्याच आठवड्यात, लिहून, फ्रिजवर चिकटवलेली हवी.

फोनवर काय विचारायचं

'कसं वाटतंय? गोळ्या घेताय ना? काही त्रास नाही ना?' एवढ्यावर संपणारा फोन म्हणजे नुसती हजेरी. तिन्ही प्रश्नांना 'हो सिस्टर, सगळं ठीक' हेच उत्तर येतं. कामाचा फोन वेगळा असतो.

'काका, गोळ्यांचा डबा घेऊन बसा. टिकाग्रेलॉरची पट्टी हातात घ्या. किती उरल्यात?'

'नऊ.'

'मागच्या मंगळवारी सकाळी नवीन पट्टी फोडली होती ना? आज पुन्हा मंगळवार आहे.'

टिकाग्रेलॉर म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. चौदा गोळ्यांची पट्टी, दिवसाला दोन. सात दिवसांत ती संपायला हवी. नऊ उरल्या, म्हणजे नऊ वेळा गोळी चुकली. स्टेंट टाकल्यावर पहिल्या महिन्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकणं ही सगळ्यांत घातक चूक, कारण स्टेंटमध्येच गुठळी धरू शकते आणि दुसरा अटॅक येतो. यात रागावण्यासारखं काही नाही, कारण शोधायचं. बहुतेक वेळा संध्याकाळची गोळी राहते, कारण सकाळच्या सगळ्या गोळ्या चहासोबत जातात आणि संध्याकाळची एकटीच असते. ती रात्रीच्या जेवणाच्या ताटाशी बांधायची. कधी कारण पैसे असतं आणि काका ते बोलत नाहीत, एकच गोळी घेऊन पट्टी पंधरवडाभर पुरवतात. मग सिस्टरने डॉक्टरांशी बोलून स्वस्त पर्याय बसतो का ते पाहायला हवं. कधी कारण धाप असते. टिकाग्रेलॉरने काही जणांना बसल्या जागी हवा कमी पडल्यासारखं वाटतं, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, आणि रुग्ण घाबरून गोळी बंद करतो. सिस्टरला दोन धापांतला फरक विचारून काढता आला पाहिजे. आडवं झाल्यावर धाप वाढते का, रात्री उठून बसावं लागतं का, पायांवर सूज आहे का, तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं का? यांतल्या एकाचंही उत्तर 'हो' आलं तर तो गोळीचा नव्हे, हृदयाचा प्रश्न समजायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर.

मेडिकलवरून येणारा घोळ फार मोठा. ठरलेल्या कंपनीची पट्टी नसली की दुकानदार दुसऱ्या कंपनीची देतो. नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणून रुग्ण जुनी आणि नवी दोन्ही घेत राहतो. आपल्याकडे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात. रुग्णालयाने सुट्या गोळ्या लिहून दिल्या आणि गावच्या डॉक्टरांनी वर एकत्र कॅप्सूल दिली, की अ‍ॅस्पिरिन दुप्पट. याला उपाय एकच: पंधरा दिवसांतून एकदा डब्यातल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडून, मागची बाजू वर करून, फोटो मागवायचा. ब्रँडचं नाव नव्हे, घटक वाचायचा. ज्या सेवेत हे होतं, तिथे आम्ही इतर एखाद-दोन उणिवा माफ करू.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तर ठरतं. 'स्मोकिंग करता का?' याला 'नाही' हे उत्तर खरंच असतं, पण गालात तंबाखू-चुना असतो. बायकांना मिश्रीबद्दल तर कुणी विचारतच नाही. 'मावशी, दात कशाने घासता? मिश्री दिवसातून किती वेळा लावता?' असंच विचारायला हवं. गुडघा दुखला की दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी, तीही विचारल्याशिवाय कळत नाही. अटॅकनंतर अशा वेदनाशामकांपासून लांब राहायचं असतं. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांची तारीख सिस्टरसमोरच्या कॅलेंडरवर हवी. उपवासाला गोळी चालत नाही, अशी समजूत असलेली घरं अजून भरपूर आहेत. एक दिवस आधी फोन करून 'उद्या उपवास असला तरी गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि उपाशीपोटी कुठली घ्यायची, कुठली खाल्ल्यावर' हे सांगणं दोन मिनिटांचं काम आहे. दात काढायचा असेल आणि डेंटिस्टने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करायला सांगितलं असेल, तर बंद करण्याआधी फोन.

सेवा कुठे तोकडी पडते

छातीत दुखायला लागलं तर फोनवरची सिस्टर उपयोगाची नाही, आणि चांगली सेवा हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते. खाली बसायचं, डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायची, पाच मिनिटांत दुखणं कमी झालं नाही तर १०८ ला फोन. उभ्याने गोळी ठेवली तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. लैंगिक शक्तीसाठीची सिल्डेनाफिलसारखी गोळी नुकतीच घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही. हा प्रश्न संकोच न करता आधीच विचारून ठेवायचा असतो. स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. काही सेवांचा नंबर लावला की आधी मेनू वाजतो, 'एक दाबा, दोन दाबा'. त्या मेनूत पहिलंच वाक्य 'छातीत दुखत असेल तर फोन ठेवून १०८ लावा' असं नसेल तर ती त्रुटी गंभीर समजा. रात्री आलेला धोक्याचा आकडा सकाळी दहाला पाहिला जातो की लगेच, हेही करारातच विचारून घ्या. 'चोवीस तास देखरेख' या शब्दांचा अर्थ बऱ्याचदा 'चोवीस तास आकडे साठवतो' एवढाच निघतो.

दुसरी तोकडी बाजू अधिकाराची. सिंगापूरच्या चाचणीत नर्स डोस बदलत होती. आपल्याकडे औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरचा. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांतही डॉक्टरशी फोनवर सल्लामसलत करायची सोय आहे आणि नर्स त्यात मदतनीस असू शकते, पण चिठ्ठी डॉक्टरचीच. म्हणून इथल्या सेवेला विचारायचा कळीचा प्रश्न हा: सिस्टरने 'बीपी आठवडाभर १५० च्या वर आहे' असं कळवल्यापासून डॉक्टरांची नवी चिठ्ठी हातात पडेपर्यंत किती तास लागतात? एक दिवस असेल तर उत्तम. 'पुढच्या व्हिजिटला सांगा' असं उत्तर मिळालं, तर मशीन घरी ठेवून आकडे गोळा करण्याला अर्थ उरत नाही.

डोस बदलण्याचा अधिकार नसतानाही काम होतं, याचा दाखला मेलबर्नमध्ये आहे. 'कोच' नावाच्या तिथल्या उपक्रमात नर्स किंवा आहारतज्ज्ञ सहा महिने फोन करायचे. ते स्वतः औषध बदलत नव्हते. तुमचं कोलेस्टेरॉल एवढं आहे, एवढ्याच्या खाली हवं, पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे विचारा, असं रुग्णालाच तयार करायचे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत सहा रुग्णालयांतले ७९२ रुग्ण होते. एकूण कोलेस्टेरॉल कोचिंगच्या गटात २१ मिलिग्रॅमने उतरलं, नेहमीच्या उपचारांत ७ ने. महाराष्ट्रात हाच रस्ता जास्त जवळचा वाटतो. डिस्चार्जनंतर चार ते सहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, आणि त्यात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आहे का ते पाहायचं. नसेल तर रुग्णाने डॉक्टरांना विचारायचं की स्टॅटिनचा (अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळीचा) डोस वाढवायचा की एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी जोडायची. आपल्याकडे डॉक्टरांना प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, असं मानणारे पुष्कळ आहेत. सिस्टरने प्रश्न मराठीत, दोन ओळींत, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिला की तो कागद पुढे करणं सोपं जातं.

मनाच्या बाजूला मात्र आम्ही पाहिलेले बहुतेक नमुने उघडे पडतात. यंत्र बीपी मोजतं, भीती मोजत नाही. जिना चढू का, नातवाला उचलू का, झोपेत काही झालं तर, पती-पत्नीने जवळ यावं का? हे प्रश्न रुग्ण आपणहून विचारत नाही. एडिंबरामधून आलेलं 'हार्ट मॅन्युअल' इथे आदर्श ठरतं. सहा आठवड्यांचा घरीच करायचा कार्यक्रम, सोबत प्रशिक्षित नर्सचे फोन, दर आठवड्याला व्यायामाची एक पायरी आणि काळजी कमी करण्याच्या युक्त्या. १९९२ च्या चाचणीत चिंता कमी झाली आणि पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाणही कमी दिसलं. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं दोन-तीनदा चालणं, मग दर काही दिवसांनी थोडं वाढवत सहा आठवड्यांत सलग अर्ध्या तासाच्या आसपास, बोलता येईल इतक्याच वेगाने: इतकं साधं वेळापत्रकही भीती बरीच घालवतं. झोप उडाली, कशातच मन लागत नाही, दोन आठवडे असंच चाललंय, असं कळलं की सिस्टरने पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरलेलं हवं. नुसतं 'टेन्शन घेऊ नका' म्हणणं हे उत्तर नव्हे.

कुणी घ्यावी? स्टेंट पडला आहे, पंपिंग ठीक आहे, डॉक्टर लांब आहेत, मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आहेत आणि घरी दोघं म्हातारी, अशा घरासाठी सेवा पैसे वसूल करणारी आहे. अट एवढीच की फोन करणारी सिस्टर दर वेळी तीच हवी, तिच्याकडे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवी आणि तिला तुमची बोली कळायला हवी. दर आठवड्याला नवा आवाज 'तुमचं नाव काय, कधी झाला अटॅक' असं पहिल्यापासून विचारत असेल तर दुसऱ्या महिन्यात रुग्ण फोन उचलणं बंद करतो. परदेशातला मुलगा पैसे भरत असला तरी पहिला फोन रुग्णालाच यायला हवा. अहवाल मुलाला नंतर गेला तरी चालेल. ज्यांचं पंपिंग कमी आहे, डायलिसिस चालू आहे किंवा बायपास होऊन महिनाही झालेला नाही, त्यांनी आधी प्रत्यक्ष तपासणी पक्की करावी, फोन ही वरची जोड. ज्यांचे डॉक्टर दहा मिनिटांवर आहेत आणि घरात गोळ्या मोजून देणारं कुणी आहे, त्यांना याची गरज फारशी नाही. त्यांनी चांगलं बीपी मशीन आणि आठवड्याचा गोळ्यांचा डबा घ्यावा.

करार संपतानाचा शेवटचा फोन बहुतेक सेवा वाया घालवतात, 'अभिप्राय द्या' म्हणून. त्या फोनवर दोन तारखा लिहून घेतल्या पाहिजेत. रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी, टिकाग्रेलॉर किंवा क्लोपिडोग्रेल, साधारण वर्षभर चालते, ती कोणत्या तारखेला डॉक्टरांना विचारून थांबवायची आहे. आणि पुढची एलडीएल, क्रिएटिनिनची तपासणी कधी. अ‍ॅस्पिरिन आणि स्टॅटिन मात्र पुढेही चालूच राहणार, हेही त्याच कागदावर. नाहीतर वर्षाने मेडिकलवाला विचारतो, 'काका, हीच पट्टी परत देऊ का?' आणि काका म्हणतात, 'द्या.'